छोटे अंडी उबवणी केंद्र सुरू करताना : नवोदितांसाठी मार्गदर्शन

अंडी उबवणीचा व्यवसाय करू इच्छिणारा माणूस बहुधा सर्वांत आधी यंत्राची चौकशी करतो. किती अंड्यांचे घ्यावे, स्वयंचलित घ्यावे की हाताने फिरवण्याचे, हे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची पाळी नंतर येते. या व्यवसायात विकायचा माल म्हणजे एक दिवसाचे पिल्लू, आणि हा माल साठवून ठेवता येत नाही. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर साधारण दोन दिवस दाणापाण्याविना तग धरते. पिल्ले पेटीत भरून दूरवर पाठवता येतात ती याच कारणाने. त्यानंतर मात्र न विकलेले प्रत्येक पिल्लू ऊब, खाद्य, जागा आणि देखभाल मागू लागते. त्यामुळे पिल्ले कोण घेणार, कोणत्या जातीची घेणार आणि कोणत्या वारी घेणार, हे ठरवून तेथून दिवस मागे मोजत यावे, हीच या कामाची खरी सुरुवात होय.

आधी गिऱ्हाईक, मग हिशेब

कोंबडीची अंडी उबण्यास २१ दिवस लागतात, लावेची १७ ते १८, बहुतेक बदकांची २८ आणि मस्कव्ही बदकाची सुमारे ३५. नवख्याने कोंबडीपासून आरंभ करावा आणि निदान पहिल्या सहा महिन्यांत एका यंत्रात दोन प्रकारची अंडी ठेवू नयेत, कारण प्रत्येकाचे वेळापत्रक आणि आर्द्रतेची गरज निराळी असते. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे ज्या वारी अंडी यंत्रात ठेवली त्याच वारी पिल्ले निघतात. गिऱ्हाईक शनिवारी येणार असेल तर अंडी शुक्रवारी ठेवावीत, म्हणजे पिल्लांना वाळायला आणि आपल्याला ती निवडायला वेळ मिळतो. त्याआधी अंडी गोळा करण्यास आठवडाभर लागतो, हे धरल्यास मागणी नोंदवल्यापासून पिल्ले हाती येईपर्यंत चार आठवडे जातात. ही मुदत गिऱ्हाइकाला आधीच सांगावी आणि शक्य असल्यास काही रक्कम आगाऊ घ्यावी.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवावी लागते, ती म्हणजे नर पिल्लांचे काय करायचे. निघणाऱ्या पिल्लांत जवळजवळ निम्मे नर असतात. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या किंवा दुहेरी उपयोगाच्या जातींत याची अडचण होत नाही, पण केवळ अंड्यांसाठीच्या जातीची पिल्ले विकायची असतील तर प्रत्येक गिऱ्हाइकाला माद्याच हव्या असतात. एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार पाहून नर-मादी ओळखणे हे दीर्घ सरावाचे कौशल्य आहे, आणि पंखांवरून ओळखण्याची पद्धत ठरावीक संकरांतच लागू पडते. म्हणून सुरुवातीला नर-मादी न निवडता सरसकट पिल्ले घेणारा गिऱ्हाईक शोधावा.

आता क्षमतेचा हिशेब पाहू. समजा, दर आठवड्याला २०० अंडी ठेवायची आहेत. अंडी पहिले १८ दिवस ‘सेटर’मध्ये, म्हणजे अंडी फिरवत राहणाऱ्या यंत्रात, आणि शेवटचे तीन दिवस ‘हॅचर’मध्ये, म्हणजे पिल्ले निघण्याच्या यंत्रात असतात. सेटरमध्ये एका वेळी तीन आठवड्यांच्या तीन खेपा असू शकतात, म्हणून त्याची क्षमता ६०० अंड्यांची हवी. हॅचर मात्र २०० अंड्यांचा पुरतो. दोन्ही कामे एकाच पेटीत करणारी लहान यंत्रे शिकण्यासाठी ठीक आहेत, परंतु त्यांत एक खेप पूर्ण होईपर्यंत दुसरी ठेवता येत नाही. आणि ठेवलीच तर निघणाऱ्या पिल्लांची लव, ओल आणि जंतू शेजारच्या कोवळ्या अंड्यांवर बसतात.

२०० अंड्यांतून २०० पिल्ले मिळत नाहीत, हे प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही हिशेबाच्या वहीत ते उतरत नाही. शंभरातील ९० अंडी फलित निघाली आणि फलितांपैकी ८० टक्के उबली, तर २०० अंड्यांमागे १४४ पिल्ले हाती येतात. म्हणजे एका पिल्लासाठी जवळजवळ १.४ अंडी खर्ची पडली. उगवण, म्हणजे निघालेल्या पिल्लांची संख्या, १२० वर घसरली तर हाच आकडा १.६७ होतो, आणि वीज, मजुरी व यंत्राची झीज मात्र तेवढीच राहते. पिल्लाचा दर ठरवताना एकूण खर्चाला विक्रीयोग्य पिल्लांच्या संख्येने भागावे, ठेवलेल्या अंड्यांच्या संख्येने नव्हे. पहिल्या दोन-तीन खेपा साठ टक्क्यांच्या आसपास निघतील असे धरूनच भांडवल ठेवावे. जागा ठरवण्याआधी पशुसंवर्धन खाते आणि स्थानिक प्रशासन यांच्याकडे परवानगीची चौकशी करून घ्यावी.

अंडी : व्यवसायाचा निम्म्याहून अधिक भाग

यंत्र अंड्यात नसलेले काहीही घालू शकत नाही. कोंबड्याची क्षमता, कोंबडीचा आहार, कळपाचे आरोग्य आणि घरट्याची स्वच्छता हे सारे अंड्यात आधीच ठरलेले असते; यंत्राकडून होते ती फक्त राखण. म्हणून अंडी कोठून आणता याला माझ्या मते यंत्राच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

स्वतःचा प्रजनन कळप असेल तर आठ ते दहा माद्यांमागे एक निरोगी नर ठेवावा. एकदा संयोग झाल्यावर मादी पुढील दहा-बारा दिवस फलित अंडी देऊ शकते, त्यामुळे नर बदलला किंवा जात बदलली तर जुन्या नराचा अंश संपण्यासाठी तीन आठवडे थांबावे आणि मगच अंडी उबवणीसाठी घ्यावीत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे साधे खाद्य प्रजनन कळपाला पुरत नाही; जीवनसत्त्वे, विशेषतः रिबोफ्लेविन, कमी पडल्यास कोंबडी अंडी नेहमीसारखी देत राहते, पण भ्रूण मध्येच मरतात.

अंडी विकत घेणार असाल तर कळप स्वतः पाहून यावा. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा यांसारखे आजार आईकडून अंड्यावाटे पिल्लात उतरतात. उबवणी यंत्र म्हणजे सर्वांना एकच हवा पुरवणारी बंद पेटी, त्यामुळे एका रोगट कळपाची थोडी अंडी संपूर्ण खेप बिघडवू शकतात. कळपाची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये; या प्रश्नावर जो विक्रेता चिडतो त्याची अंडी घेऊ नयेत. दुकानात खाण्यासाठी मिळणारी अंडी बहुधा कोंबड्याविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात आणि ती उबत नाहीत.

अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत. फार लहान, फार मोठी, दोन बलकांची, वेडीवाकडी, तडा गेलेली आणि पातळ कवचाची अंडी बाजूला काढावीत. मध्यम आकाराची, जातीनुसार साधारण ५० ते ६५ ग्रॅमची, अंडी उत्तम. मळलेले अंडे धुण्याचा मोह आवरावा. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक संरक्षक थर असतो. पाण्याने तो निघून जातो, आणि पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला भाग आकुंचन पावून घाण छिद्रांतून आत ओढली जाते. किंचित डाग असेल तर कोरड्या, खरबरीत कापडाने हलकेच पुसावा; जास्त मळलेले अंडे उबवणीला घेऊच नये. घरट्यात कोरडा भुसा वेळेवर बदलणे यापेक्षा सोपे आहे.

साठवण १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला आणि सुमारे ७५ टक्के आर्द्रतेत, निमुळते टोक खाली ठेवून करावी. सात दिवसांपर्यंत फारसा फरक पडत नाही. त्यापुढे दर दिवसागणिक उगवण कमी होत जाते. साठवण नेहमीच्या शीतकपाटात करू नये, तेथील थंडी भ्रूणाला मानवत नाही. प्रवास करून आलेली अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वी निमुळते टोक खाली करून निदान १२ तास शांत ठेवावीत, म्हणजे हादऱ्याने हललेली हवेची पोकळी स्थिरावते.

यंत्र आणि खोली

यंत्र पंख्याचे घ्यावे. पंखा नसलेल्या पेटीत वरची आणि खालची हवा वेगळ्या तापमानाची असते, आणि तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश ठेवावे लागतात; पंख्याच्या यंत्रात सर्वत्र ३७.५ ते ३७.७ अंश पुरतात. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळल्याने कित्येक पहिल्या खेपा वाया जातात.

यंत्रासोबत आलेल्या तापमापकावर विश्वास ठेवू नये. ताप पाहण्याचा वैद्यकीय तापमापक नेमका याच पट्ट्यात अचूक असतो, त्यामुळे तो आणि यंत्राचा तापमापक कोमट पाण्यात, किंवा पाण्यात बुडवता येत नसेल तर यंत्राच्या आत शेजारी शेजारी ठेवून, फरक लिहून ठेवावा. आर्द्रतामापकाची परीक्षा मिठाने होते : बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि ते आर्द्रतामापकासह हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवावे, मापकाने सुमारे ७५ टक्के दाखवले पाहिजे. अर्ध्या अंशाचा सततचा फरकही २१ दिवसांत उगवण्याची वेळ बदलतो, म्हणून ही खटपट वाया जात नाही. इजिप्तमधील मातीच्या उबवण भट्ट्यांत काम करणारे कारागीर अंडे पापणीला टेकवून उष्णतेचा अंदाज घेत आणि हजारो पिल्ले काढत. ते कसब पिढ्यानपिढ्यांचे होते, आपल्याला तापमापकच बरा.

यंत्र अंडी ठेवण्यापूर्वी दोन दिवस रिकामे चालवून पाहावे. वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरी किंवा जनित्राची सोय, आणि तापमान बिघडताच वाजणारी घंटा, या दोन गोष्टी पहिल्याच खर्चात धराव्यात. त्या नंतर घेऊ म्हटले की एखादी खेप गमावल्यावरच घेतल्या जातात. मी घंटेशिवाय काम सुरू केले होते. सोळाव्या रात्री पंखा बंद पडला, तापवणारी तार चालू राहिली आणि सकाळी हाती काही उरले नव्हते.

खोलीचे तापमान २२ ते २५ अंशांच्या आसपास स्थिर असावे, ऊन थेट यंत्रावर पडू नये, आणि हवा खेळती असावी. खोलीतील कामाची वाट एकाच दिशेने जाणारी ठेवावी : स्वच्छ अंडी एका बाजूने यावीत आणि पिल्ले व कचरा दुसऱ्या बाजूने बाहेर जावेत. कोंबड्यांच्या शेडमधील चपला आणि कपडे उबवणी खोलीत येऊ देऊ नयेत.

पहिले अठरा दिवस

थंड अंडी थेट गरम यंत्रात ठेवल्यास त्यांवर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. म्हणून ती सहा ते बारा तास खोलीच्या तापमानाला आणून मग ठेवावीत. रुंद टोक वर असावे. प्रत्येक ट्रेवर तारीख, कळपाची खूण आणि अंड्यांची संख्या लिहावी. दिवस मोजताना ठेवल्याचा दिवस शून्य धरावा. २४ तास पुरे झाले की पहिला दिवस झाला.

अंडी फिरवली नाहीत तर भ्रूण कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. स्वयंचलित यंत्र तासातून एकदा ट्रे एका बाजूला ४५ अंश आणि पुढच्या तासाला दुसऱ्या बाजूला ४५ अंश कलवते. हाताने फिरवायची असल्यास दिवसातून निदान तीन, शक्यतो पाच वेळा फिरवावीत. विषम संख्या यासाठी, की रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जाऊ नये. पहिल्या आठवड्यातील फिरवणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि नेमका तेव्हाच आत काही दिसत नसल्याने आळस होतो.

आर्द्रतेबाबत पुस्तकी आकडा ५० ते ५५ टक्के आहे, पण खरा न्याय तराजू देतो. अंड्याचे वजन १८ दिवसांत ११ ते १३ टक्के कमी झाले पाहिजे, कारण तेवढे पाणी गेल्यानेच हवेची पोकळी पिल्लाला पहिला श्वास घेता येईल इतकी मोठी होते. समजा, ट्रेमधील ३० अंड्यांचे ट्रे वगळून वजन १८०० ग्रॅम आहे. बारा टक्के म्हणजे २१६ ग्रॅम, अर्थात दिवसाला १२ ग्रॅम. सातव्या दिवशी वजन १७१६ ग्रॅमच्या जवळपास असावे. ते १७४० असेल तर अंडी पाणी कमी सोडत आहेत, म्हणून पाण्याचे भांडे लहान करावे. १६९० असेल तर आर्द्रता वाढवावी. दर आठवड्याला पाच मिनिटांचे हे काम कोणत्याही महागड्या मापकाहून अधिक सांगते.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्यासमोर अंडी धरून पाहावीत. जिवंत अंड्यात लाल रक्तवाहिन्यांचे कोळ्यासारखे जाळे आणि मध्ये गडद ठिपका दिसतो. अफलित अंडे स्वच्छ उजळते. रक्ताचे वर्तुळ दिसले तर भ्रूण सुरुवातीलाच मेला आहे. गडद कवचाच्या अंड्यांबाबत शंका असल्यास ती आणखी तीन-चार दिवस ठेवून पुन्हा पाहावीत. दुर्गंधी येणारे किंवा कवचावर पाझर फुटलेले अंडे ताबडतोब, सावकाश आणि न हलवता बाहेर काढावे. ते यंत्रात फुटले तर सर्व अंड्यांवर जंतूंचा शिडकावा होतो.

तेराव्या दिवसाच्या सुमारास एक बदल घडतो, ज्याकडे नवख्यांचे लक्ष जात नाही. तोपर्यंत अंडी यंत्राकडून ऊब घेत असतात. त्यानंतर वाढलेले भ्रूण स्वतः उष्णता देऊ लागतात आणि त्यांना प्राणवायूही जास्त लागतो. हवेची भोके हळूहळू अधिक उघडावीत. वीज गेल्यावर काय करावे हेही यावरूनच ठरते : पहिल्या आठवड्यात दार घट्ट बंद ठेवून वर जाड कापड टाकावे, पण शेवटच्या आठवड्यात भरलेल्या यंत्राचा पंखा थांबला तर धोका थंडीपेक्षा उकाडा आणि घुसमटीचा असतो, तेव्हा दार थोडे उघडून वारा द्यावा. काही तासांचा गारवा भ्रूण सहसा सोसतात, फक्त उगवण लांबते. ४० अंशांच्या वर गेलेले तापमान मात्र सोसत नाहीत.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये आडवी मांडून फिरवणे बंद करावे आणि आर्द्रता ६५ ते ७५ टक्क्यांवर न्यावी. खाली गुळगुळीत कागद अंथरू नये. त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात. खरबरीत कापड किंवा जाळीदार चटई चालते.

यानंतरची परीक्षा संयमाची असते. पिल्लू आधी आतील पडदा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घेते, मग कवचाला चीर पाडते, आणि चीर पडल्यापासून पूर्ण बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास जाऊ शकतात. या काळात ते निवांत पडून राहिलेले दिसते, पण तेव्हाच पडद्यातील रक्त शरीरात परतत असते आणि बलक पोटात जात असतो. घाईने कवच सोलणारा माणूस त्या पिल्लाला रक्तस्राव घडवतो. दार वारंवार उघडल्यास ओलावा जातो आणि पडदा चामड्यासारखा घट्ट होऊन पिल्लाला आवळतो. पहिले आणि शेवटचे पिल्लू यांत दिवसभराचे अंतर असणे स्वाभाविक आहे. बहुतेक पिल्ले वाळून फुललेली आणि थोड्यांची मान ओलसर, अशा अवस्थेत ती एकदाच बाहेर काढावीत. साडेएकवीस दिवसांनंतर उरलेल्या दोन-चार अंड्यांसाठी निघालेली पिल्ले खोळंबवू नयेत.

पिल्ले हाती आल्यावर

विक्रीयोग्य पिल्लू स्वतःच्या पायांवर उभे राहते, डोळे तेजस्वी असतात, बेंबी पूर्ण मिटलेली आणि कोरडी असते. बेंबी उघडी, काळी किंवा ओली असलेली पिल्ले वेगळी काढावीत. अशी पिल्ले पुष्कळ निघाली तर तापमान किंवा स्वच्छता बिघडली होती असे समजावे. गिऱ्हाइकाला दुबळे पिल्लू देऊन संख्या भरण्यापेक्षा दोन-तीन पिल्ले जास्त द्यावीत, ते स्वस्त पडते.

मॅरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली देतात. कुपीतील मात्रा बहुधा लहान खेपेपेक्षा जास्त असतात आणि लस मिसळल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून आठवड्यातून एकच उगवणीचा दिवस ठेवणे सोयीचे ठरते. कोणत्या लशी आवश्यक आहेत, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

पिल्लांच्या पेट्यांना चारी बाजूंनी भोके हवीत, आणि शंभर पिल्लांच्या पेटीत २५ चे चार कप्पे असावेत, म्हणजे ती एका कोपऱ्यात दाटून गुदमरत नाहीत. न विकलेल्या पिल्लांसाठी कृत्रिम दायी, म्हणजे दिव्याने ऊब देणारी जागा, आधीच गरम करून ठेवावी : पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश, आणि नंतर दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला पसरून चोची उघडत असतील तर उकाडा आहे.

न उबलेली अंडी फोडून पाहावीत

हे काम कोणाला आवडत नाही आणि म्हणूनच बहुतेक नवखे त्याच चुका पुन्हा करतात. शेवटी उरलेले प्रत्येक अंडे फोडून भ्रूण कोणत्या आठवड्यात थांबला, हे ट्रेनुसार लिहावे. काहीच वाढ न दिसणारी अंडी जास्त असतील तर नरांकडे पाहावे. पहिल्या आठवड्यातील मृत्यू बहुधा लांबलेली साठवण, वाहतुकीतील हादरे किंवा सुरुवातीच्या तापमानाकडे बोट दाखवतात. मधल्या आठवड्यातील मृत्यू कळपाच्या आहाराकडे किंवा जंतूंकडे. आणि पूर्ण वाढ होऊन मेलेली पिल्ले आर्द्रता, हवा व फिरवण्याकडे. पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाला आढळले तर अंडे बहुधा उलटे ठेवले गेले होते. एकाच कळपाच्या ट्रेमध्ये दोष असेल तर अंड्यांत शोधावा, सर्व ट्रेंमध्ये सारखा असेल तर यंत्रात. या नोंदी सहा खेपांच्या झाल्या आणि फलित अंड्यांवरील उगवण सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली, तरच दुसऱ्या यंत्राचा विचार करावा.

प्रत्येक उगवणीनंतर हॅचर त्याच दिवशी रिकामा करावा. कवचे आणि मेलेली पिल्ले खोल पुरावीत किंवा बंदिस्त खतखड्ड्यात टाकावीत, कुत्र्यांच्या हाती लागू देऊ नयेत. लव आधी ओल्या कापडाने उचलावी, कारण झाडूने ती हवेत उडून सेटरपर्यंत पोहोचते. मग साबणाने धुऊन, जंतुनाशक लावून यंत्र पूर्ण वाळू द्यावे. घाणीवर शिंपडलेले जंतुनाशक काम करत नाही. फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी जुन्या केंद्रांत दिली जाते, पण तो वायू माणसाला घातक आहे आणि ठेवल्यापासून २४ ते ९६ तासांच्या अंड्यांतील भ्रूणही त्याने मरतात, त्यामुळे प्रशिक्षणाशिवाय नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. वाळलेला हॅचर पुढील खेप हलवण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून तापमान व आर्द्रता स्थिर झाल्याची खात्री करून घ्यावी.